काकांची टकटक

कुणाला पटो न पटो, हे खरंच घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या गल्लीत, गेल्या थंडीत. गल्ली गावाच्या टोकाला, जंगलाला अगदी लागून.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिकारी होते. वस्तीत शिरलेली रानडुकरं मारायचा रीतसर परवाना होता त्यांच्याकडे. ज्याच्या परसात डुक्कर शिरलं असेल, त्या घराच्या खिडकीवर ते गोळी झाडण्याआधी टकटक करायचे. आतल्यांनी बाहेर येऊ नये म्हणून.

गल्लीला मात्र ते नकोसे. लोक त्यांना 'यमदूत' म्हणायचे, पोरांना त्यांच्या अंगणात फिरकू द्यायचे नाहीत. आणि डुक्कर दिसलं की पहिला फोन त्यांनाच! मावशीचं डोकंच फिरायचं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

काका तापाने गेले, तेव्हा खांदा द्यायला गल्लीतलं एक माणूस आलं नाही. बंदूक पोलिसांकडे जमा झाली.

आठवडाभराने शेजारचे मास्तर सकाळीच फाटकाशी उभे. काकांना पापी म्हणण्यात हेच सगळ्यांत पुढे असायचे. म्हणाले, काल संध्याकाळी खिडकीवर टकटक झाली...

मग काहीच नाही.

बार नाही. पावलं नाहीत.

सकाळी बघतात तर परसात डुक्कर मरून पडलेलं... अंगावर साधा ओरखडा नाही.

ते आता कोण उचलणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मावशीने फाटक लावून घेतलं.

पुढे घरोघरी तेच होऊ लागलं. हळूहळू डुकरं यायची बंद झाली.

टकटक बंद झाली नाही...

एके दिवशी मास्तर पुन्हा आले. तोंडचं पाणी पळालेलं. "वहिनी, काल मी आतूनच सांगितलं त्यांना, आता डुकरं नाहीत म्हणून."

"मग?"

"म्हणाले... डुकरासाठी नाही आलो." मास्तरांनी हात जोडले. "तुम्ही जरा समजावा ना त्यांना."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी राबवून घेतलं, आता मेलेल्यालाही तिनेच आवरायचं!

"माझ्याकडे आले तर समजावीन ना," ती म्हणाली. "अजून एकदाही आले नाहीत."

तेव्हापासून दिवेलागणीला ती दार सताड उघडं टाकून बसते. मागच्या महिन्यात मीही तिच्याशेजारी बसलो होतो.

टकटक झाली... मास्तरांच्या खिडकीवर.

मग सगळं शांत.

मग पलीकडच्या घरी...

मधलं घर मावशीचं.

"बघ," ती चिडून रडायलाच लागली, "मेल्यावरही लोकांच्याच दारी."

मी तिचा हात धरला. मनात मात्र एवढंच म्हणत होतो, नका येऊ, काका.