तूच घाल

पॅराशूटची घडी घालायच्या आधी ताई अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायची, नखं कापायची, लांबलचक टेबल पुसून लख्ख कोरडं करायची. दोरी दोरीवर चढली तर वर आभाळात सोडवायला कोण येणार, कपाळ? त्या क्लबात एक जुनी रीत होती. उडी मारणाऱ्याला जराही शंका आली, तर त्याने घडी घालणाऱ्याला "तूच घाल" म्हणायचं. मग ती बॅग घडी घालणाऱ्याच्याच पाठीवर चढायची आणि उडीही त्यालाच मारावी लागायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

तरीही ताईचा नवरा गेला. त्याच्या दोऱ्यांना पीळ पडला आणि राखीव पॅराशूटही त्यातच गुंतलं. घडी घातली होती ताईच्या धाकट्या भावाने. चौकशीत तो सुटला, पण तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. आज उडी धाकट्याची होती आणि घडी घालायची पाळी ताईची. राग होता, नाही कशाला म्हणा. पण पाठच्या भावाच्या जिवावर उठण्याइतकी ती खाली उतरली नव्हती.

तिने दोऱ्या टेबलभर ताणल्या, बोटांनी विंचरल्या. कापडातली हवा दाबून काढायला वळली, परत पाहते तर मधोमध पीळ. दार बंद, खोलीत चिटपाखरू नाही. स्वतःला चार शिव्या हासडून तिने तो सोडवला. पुन्हा पडला. तसाच, डावीकडून वळलेला. चौकशीतल्या फोटोत तिने तो इतक्यांदा पाहिला होता, की डोळे मिटूनही ओळखला असता.

तिने दोऱ्या तळहाताखाली दाबून धरल्या. त्या हाताखालीच वळत राहिल्या, दुसऱ्या टोकाला कुणी निवांत काम करत बसल्यासारख्या. हवेत नवऱ्याच्या दाढीच्या साबणाचा वास होता.

"अहो, नका ना," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

दोऱ्या थांबल्या नाहीत.

तिने सगळं तसंच बॅगेत कोंबलं, धाकट्यापुढे नेऊन ठेवलं आणि आज उडी मारू नकोस म्हणून सांगितलं.

तो छद्मी हसला. "सूड उगवायचा होता, ऐन वेळी कच खाल्लीस. होय ना, ताई?"

"तसं समज हवं तर."

"मग तूच घाल."

खुंटीवरची तिची स्वतःची बॅग त्याने उचलली. ती घडी तिने शांत डोक्याने, चोख घातली होती. तिचा जीव भांड्यात पडला. तिला तर नवरा कधीच खाली पडू देणार नव्हता.

विमानात दोघं समोरासमोर बसले. बऱ्याच उंचीवर गेल्यावर तिच्या पाठीवरच्या बॅगेत काहीतरी सळसळलं. एक दोरी सरळ झाली. मग दुसरी. मग सगळ्याच, एकीमागून एक.

साबणाचा वास तिच्यापासून दूर गेला.

दार उघडलं. धाकटा उठला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीवरची बंद बॅग आतून फुगली, बसली, आणि तिच्यात काहीतरी डावीकडे वळू लागलं.

ताईने हाक मारली. वाऱ्याने ती गिळली.

ती उठायला गेली. तिच्या खांद्यांवरचे पट्टे आवळले गेले, हळुवार, उडीआधी नवरा आवळून द्यायचा तसे. तिला बाकावरून हलता येईना.