झोळी कोण हलवतं?

"आज जो पळेल, त्याने घरी जाऊन सगळ्यांची ताटं घासायची!" शशीने पैज लावली.

"मग तूच घासशील!" वृंदा म्हणाली खरी, पण चालताना तीच सगळ्यांच्या मागे होती.

दिवाळीच्या सुट्टीत ही अंबरनाथची भावंडं बदलापूर गावात उमामावशीकडे आली होती. मावशी डोंगराखालच्या वाडीत अंगणवाडी चालवायची. पण सध्या तिथे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. बाळांचं वजन करायची झोळी काट्यासह तुळईला टांगलेली होती आणि भरदुपारी ती रिकामीच हलायची! रिकामा पाळणा हलला की लेकराचं वाईट होतं, असं वाडीत सगळेच मानत. त्यातून वाडीतल्या चंद्रीचं तान्हं बाळ पावसाळ्यात तापाने गेलं होतं. त्याचं वजनही ह्याच झोळीत झालं होतं. चंद्री तेवढी अजून रोज दुपारी कुंपणाशी येऊन बसायची. आता मुलं आली नाहीत, तर तालुक्याचे साहेब अंगणवाडी कायमची बंद करणार होते.

"झोली हलली का मागं बघायचं नाय, पलायचं," वाडीतली सोनी कुजबुजली. "पन आमचा धाकलू रोज रडतो. त्याला हितं यायचं हाय."

तिघं आत शिरली. खेळण्यांवर धूळ साचली होती. बाहेर ऊन असूनही आत गार वाटत होतं.

कर्र... कर्र...

झोळी हलली! सोनी आणि शशी धूम पळाले. वृंदाही दाराकडे वळली. पण आपणही पळालो, तर धाकलूचं काय? भिंतीला पाठ लावून ती बघत राहिली. झोळीबरोबर वरची तुळईही थरथरत होती!

तुळईच्या रोखाने ती मागच्या बाजूला धावली. तिथे तुळई पेलणाऱ्या खांबाला, मेढीला, शेजारच्या पदूकाकांची म्हैस बांधलेली होती आणि मेढीवर खुशाल मान घासत होती!

"शशी! पळपुट्या! हिचं दावं सोड आधी!"

म्हैस बाजूला झाली आणि झोळी थांबली. मुलांनी वाडीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं, म्हैस पुन्हा बांधून दाखवली. कर्र... कर्र!

पदूकाका ओशाळले. "सावली बरी म्हनून बांदत होतो! आन मीच सगल्यांच्या फुडं पलालो की!"

"शाब्बास पोरी!" चांगोआजोबांनी वृंदाची पाठ थोपटली. "आमी पाठ फिरवून पलत रायलो. तू थांबून बघलंस!"

सगळे हसले. चंद्री तेवढी हसली नाही. ती रोज दुपारी कुंपणाशी येऊन बसायची, ते कशासाठी हे वृंदाला आत्ता कळलं.

"मंग... माजा बाल नव्हता तो?" चंद्रीने विचारलं.

वृंदाला रडूच फुटलं. ह्यापेक्षा भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी आया मुलांना घेऊन आल्या, पण झोळीत मूल ठेवायला कुणीच पुढे होईना. तेव्हा चंद्री उठली. तिने धाकलूला उचलून झोळीत बसवलं आणि झोळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"हात सोड गं चंद्री," उमामावशी हळूच म्हणाली. "त्याशिवाय वजन कसं कळेल?"

चंद्रीने धाकलूकडे पाहिलं आणि हात सोडले.