निळा रंग यायला हवा

प्रोजेक्टर बंद पडला आणि तो आत आला — हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर केसांची बट.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा हा तरुण. पोरं त्याला ‘सर्किट सर’ म्हणत. ती रोगप्रतिकारशास्त्राची नवी शिक्षिका, आणि तिच्यासमोर बसलेले सगळे भावी इंजिनिअर. रक्तातला आजार ओळखणारी यंत्रं बनवायची, तर रक्त काय बोलतं ते कळायला नको का? म्हणून हा विषय. पोरांच्या मात्र तो डोक्यावरून जात होता.

“अँटिबॉडी भारी चोखंदळ असते,” ती सांगत होती. “हजारांच्या गर्दीत ती एकालाच धरते.”

“आणि तो एक आलाच नाही तर?” प्रोजेक्टरच्या मागून प्रश्न आला.

पोरं हसली. ती गोरीमोरी झाली. “...तर वाट बघते.”

प्रोजेक्टर सुरू झाला, तरी तो गेला नाही. पुढच्या तासाला शेवटच्या बाकावर पुन्हा हजर. मग दर तासाला. तिच्या चाचणीत आजार सापडला की द्रावण निळं होई; तो रंग मोजणारं छोटं यंत्रही त्यानंच पोरांकडून करून घेतलं. तास संपला की दोघं जिन्यापर्यंत बरोबर चालत. जिना लहान आहे, असं तिला वाटू लागलं होतं.

आणि मग प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. विभागप्रमुख स्वतः येणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, “रंग आला नाही, तर पुढच्या सत्रापासून हा विषय बंद.”

सकाळी तिनं प्रयोगशाळेतला फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. थंडीतच टिकणाऱ्या अँटिबॉडीच्या कुप्या हाताला कोमट लागल्या.

“मी...” तो दारात उभा होता, चेहरा पांढराफटक. “काल यंत्र तपासायला फ्रिजचा प्लग काढला. परत लावायचा राहिला.”

ओरडावं तर रडू येईल, अशी गत. नव्या कुप्या मागवायला वेळ नव्हता. “बाजूला व्हा,” ती एवढंच म्हणाली आणि हातमोजे चढवले.

पोरं जमली, विभागप्रमुख खुर्चीत बसले. प्लेटच्या खळग्यांत तिनं नमुने घातले, अँटिबॉडी घातली. “आता धुवायचं. जे नुसतंच चिकटलंय ते वाहून जाईल, जे खरं धरलंय ते राहील.” शेवटी रंगाचं द्रावण. ज्या खळग्यांत अँटिबॉडीनं आपलं माणूस धरलं असेल, ते निळे व्हायला हवेत. नमुना नसलेले पांढरेच राहायला हवेत.

सगळेच पांढरे होते.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “मॅडम, तयारी कमी पडली वाटतं.”

“नाही सर.” तो पुढे झाला. “चूक माझी आहे. फ्रिज माझ्यामुळं बंद राहिला. शिक्षा मला करा, विषयाला नको.”

ती चमकून वळली. गप्प राहिला असता तर कुणाला कळणारही नव्हतं.

“सर, अजून पाच मिनिटं,” ती म्हणाली. “अँटिबॉडी थकली असेल, मेली नसेल.”

“मॅडम!” पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. “तिकडं बघा!”

एका खळग्यात फिकट निळसर झाक. मग दुसऱ्यात. झाक गडद होत गेली... आणि नमुना नसलेले खळगे पांढरेशुभ्र! पोरांचं यंत्र आकडे दाखवू लागलं, खोलीत एकच गलका झाला. विभागप्रमुख वाकून बघत राहिले. “विषय राहू द्या,” ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, “आणि तुम्ही लेखी खुलासा द्या.”

सगळे पांगल्यावर ती बेसिनपाशी हात धूत होती. तो दोन पावलांवर घुटमळत होता.

“मला वाटलं, आता तुम्ही माझं तोंडही बघणार नाही.”

“सकाळी तसंच ठरवलं होतं.”

“एक सांगू? अर्धं सत्र तुमच्या तासाला बसलो... पण खरं तर मी विषयासाठी येत नव्हतो.”

“ते मला दुसऱ्याच तासाला कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“शिकवत होते ना!” ती हसली, मग नजर खाली गेली. “रविवारी माझ्या ताईकडे याल?”

“ताईकडे? का?”

“अर्धं सत्र माझ्या तोंडून रोज ज्याच्याबद्दल ऐकतेय, तो दिसतो तरी कसा — तिला बघायचंय.”