तुडतुडे आले की

"ए, थांब! मारू नकोस त्यांना!"

सू-युन चहाच्या ओळींमधून धावतच खाली आली. डोक्याला बांधलेलं फुलाफुलांचं फडकं मानेवर घसरलं होतं, एक बूट मागे चिखलातच राहिला होता. आणि समोर एक अनोळखी तरुण हातातल्या टोपीनं तिच्या वडिलांच्या, आबांच्या, झुडपांवरचे हिरवे तुडतुडे झटकत होता. अगदी मन लावून झटकत होता. एका फांदीपुढे वाकायचा, हलकेच फटका मारायचा, पुढच्या फांदीकडे सरकायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं, तरी गड्याचं काम चोख.

"माफ करा," तो दचकून म्हणाला आणि कमरेत इतका वाकला की टोपी मातीत पडली. "कीड होती. मी बसची वाट बघत होतो, तर दिसली... म्हणून—"

"कीड नाही ती. आमची माणसं आहेत."

"माणसं?"

"दर उन्हाळ्यात कामाला येतात. आता सप्टेंबर आहे, शेवटची उरलीसुरली आहेत, तर तुम्ही त्यांनाही हाकलताय!"

त्याला काही उमजेना. उमजणार कसं? तो समुद्रापलीकडच्या शिझुओकाचा, चहावाल्यांच्याच घरातला. त्यांच्या मळ्यात एक तुडतुडा दिसला तर वडिलांना जेवण जात नसे. तिकडच्या ओळी म्हणे इतक्या सपाट कापलेल्या की वर गादी घालून झोपावं. इथे पेईपू गावाच्या या डोंगरउतारावर मात्र झुडपं वेडीवाकडी, पानं आखडलेली, पिवळी पडलेली, कडा भाजल्यासारख्या. त्याला वाटलं, बिचाऱ्या शेतकऱ्याचा मळा गेला.

"आबा!" सू-युननं वर तोंड करून हाक मारली. "एक कप आणा. हा आपली माणसं मारत होता."

आबा बांबूच्या परड्या उन्हात वाळत घालत होते. त्यांनी काही न विचारता कप भरला. पाहुण्याला आधी चहा, मग चौकशी, असा त्यांचा शिरस्ता. तरुणानं दोन्ही हातांनी कप घेतला, एक घोट प्यायला.

दुसरा घोट त्यानं घेतलाच नाही. कपात बघत बसला.

"मध घातलाय?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"काही नाही घातलेलं," आबा म्हणाले. "हे तुडतुडे कोवळं पान चावतात. पान चिडतं, स्वतःला वाचवायला काहीतरी करतं आत. त्याचा हा वास."

"यांनी केलं हे? चावून?"

त्याचे डोळे भरून आले होते. सू-युन हा चहा दूध सुटल्यापासून पीत आली होती. तो पिणारा माणूस असा बघण्यासारखा असतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिळाएवढा जीव, त्याचं ते न दिसणारं तोंड, आणि त्यातून हे! ती स्वतःच्याच कपाकडे नव्यानं बघू लागली. बस आली आणि निघून गेली, ती तिघांपैकी कुणालाच दिसली नाही.

सोमवारी जवळच्या शिंचू शहरातल्या विद्यापीठात शाश्वत आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पहिला तास होता. सू-युन या विषयाला बसली होती ती डोंगरातून सुटका व्हावी म्हणून. मोठं कार्यालय, मोठं शहर, नखांत माती नाही, असं तिचं साधं स्वप्न होतं. वेई मॅडमनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत दोन देश हवेत. एका उत्पादकाचा आणि परदेशी खरेदीदाराचा करार लिहायचा, असा की पन्नास वर्षांनी माती, माणसं आणि धंदा तिन्ही शाबूत राहिले पाहिजेत. मुदत जूनपर्यंत.

"च्यांग सू-युन," मॅडम यादी वाचत म्हणाल्या, "आणि मोचिझुकी तोमोया."

मागच्या बाकावरून एक टोपी खाली पडल्याचा आवाज आला.

"तू!" ती वळून म्हणाली.

"मी," तो म्हणाला. "आज एकही मारलेला नाही."

मग दर शनिवारी तोमोया पेईपूला येऊ लागला. करारासाठी, असं तो म्हणे. आबांपुढे वही उघडून बसायचा.

"किलो किती धरायचे?"

"तुडतुड्यांना विचार."

"बरं. तारीख तरी?"

"तेही त्यांनाच विचार. आम्ही इतकंच करतो, फवारत नाही आणि वाट बघतो."

एकदा तर पठ्ठ्या खरंच रिकाम्या झुडपापुढे उकिडवा बसला आणि अदबीनं मान झुकवून म्हणाला, "कृपया आपली तारीख कळवावी." सू-युन हसून हसून खाली बसली. आबा परडीआडून बघत होते.

"हे पोरगं वेडं आहे की फार शहाणं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचे कान तापले.

हिवाळ्यात शिंचूचा तो कुप्रसिद्ध वारा सुटला. ग्रंथालयातून बसथांब्यापर्यंत जाताना तोमोया तिला आडोसा होईल अशा बेतानं वाऱ्याच्या बाजूला चालायचा. बोलायचा काहीच नाही, फक्त बाजू बदलायचा. रस्ता वळला की पुन्हा बदलायचा. तिच्या हे लक्षात यायला तीन आठवडे लागले, आणि लक्षात आल्यावर ती मुद्दाम वळणावळणाच्या रस्त्यानं जाऊ लागली.

"आज लांबून कशाला?" त्यानं विचारलं.

"व्यायाम."

"अच्छा... मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"व्यायामच वाटला," तो म्हणाला, आणि पुढच्या वळणावर बाजू बदलली.

भांडणंही झाली. तो म्हणायचा, तारखेशिवाय करार म्हणजे खरेदीदाराचा अपमान. ती म्हणायची, तारीख घातली की शेतकरी ती पाळायला औषधं मारणार, मग पन्नास कशाला, पाच वर्षांत सगळं संपेल. असं वाद घालता घालता एके दिवशी तिच्या ध्यानात आलं, की आपण तावातावानं आबांचीच बाजू मांडतोय. ज्या मळ्यापासून पळायचं होतं, त्याच्यासाठी जीव तोडून बोलतोय! ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं?" तोमोयानं विचारलं.

"काही नाही. तू हरलास एवढंच."

जूनच्या सुरुवातीला त्यांनी वर्गात करार वाचला. तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं : तुडतुडे आले की. वेई मॅडमनी चष्मा काढला.

"यावर सही कोण करेल?"

"ज्याला वाट बघता येते तो," सू-युन ठामपणे म्हणाली. "येत नसेल त्यानं दुसरा चहा घ्यावा."

तोमोयानं तोवर सगळ्यांना कागदी कपांतून गेल्या वर्षीचा चहा दिला होता. चाळीस मुलांचा वर्ग, नऊ देशांची पोरं, एरवी एकमेकांचं ऐकून न घेणारी. पहिला घोट गेला आणि सगळी आपापल्या कपात बघायला लागली. मॅडमनी पुन्हा चष्मा लावला आणि दुसरा कप मागितला.

त्या वर्षी मात्र तुडतुडे येईनात. वसंत थंड गेला होता, पाऊस लांबला होता. आबा रोज सकाळी पानं उलटून बघत. पानं हिरवीगार, टवटवीत, अगदी निकामी. तोमोया एका वर्षापुरताच शिकायला आला होता; चोवीस जूनला त्याचं परतीचं विमान होतं. तो निघाला तेव्हा एकही पान चावलेलं नव्हतं.

त्याच बसथांब्यावर दोघं उभी राहिली. बॅग मध्ये ठेवलेली.

"परत येशील?" तिनं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच.

"येईन."

"कधी?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "ते... सांगता येत नाही, सू-युन. मी एकुलता एक आहे. बाबा वाट बघतायत, मळा माझ्या हाती द्यायला. त्यांच्याशी बोलावं लागेल. कसं ते मला अजून माहीत नाही. मला तू आवडतेस. फार आवडतेस. पण आज तारीख दिली आणि मोडावी लागली तर..."

आवडतेस! नऊ महिने ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि येताना हे असलं शेपूट घेऊन आला.

"तारीख नको, महिना सांग. वर्ष सांग!"

"तूच वर्गात म्हणाली होतीस ना..."

"ते चहाबद्दल होतं!"

बस आली. यावेळी दोघांनाही स्पष्ट दिसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दारातूनच हाक मारली, "आले गं!"

ती उतारावर गेली. प्रत्येक कोवळ्या पानाखाली ते हिरवे ठिपके, शेकडो, हजारो. हात लावला की तिरके उडणारे. ती ओळीत मटकन बसली आणि रडली. तीन दिवस! तीन दिवस आधी यायला काय झालं होतं यांना? रडता रडता तिला दिसलं, की एक तुडतुडा तिच्या गुडघ्याजवळच्या पानावर आपलं काम मुकाट करतोय. कुठून आला, कुणी बोलावला, कसं कळलं त्याला, की या जगात एवढ्या डोंगरांमध्ये हाच उतार न फवारलेला आहे?

"आबा," तिनं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत? एखाद्या वर्षी नाहीच आले तर?"

"वाटते की. दर वर्षी वाटते."

"मग काय करता?"

"काय करणार? फवारत नाही," आबा म्हणाले आणि टोपली कमरेला बांधून खुडायला लागले.

खिशातल्या फोनवर तिनं तोमोयासाठी रागाचा एक लांबलचक निरोप लिहून ठेवला होता. तो तिनं पुसला आणि फक्त लिहिलं, "आले."

लगेच उत्तर आलं, "किती?"

"मोजायचे नसतात," तिनं लिहिलं.

पुढचं वर्षभर असेच निरोप चालले, तुटक, आठवड्याला एखादा. इकडे थंडी पडली. तिकडे डोंगर दिसतोय. तारखेचं ना त्यानं काढलं, ना तिनं. पदवी हाती आली तसं तैपेईच्या एका मोठ्या कार्यालयातून बोलावणं आलं. तिनं ते नम्रपणे नाकारलं आणि आबांच्या चहासाठी वाट बघणारे खरेदीदार शोधू लागली. दोन सापडलेसुद्धा. आई नसलेल्या त्या घरात बापलेक रोज सकाळी पानं उलटून बघत. एकाच गोष्टीची वाट दोघं बघतायत, असं आबा समजत. किंवा तसं दाखवत.

या वेळी तुडतुडे लवकर आले, सहा जूनलाच. सू-युननं लगेच लिहिलं, "आले."

उत्तर नाही. दिवस गेला. दुसराही गेला. तिनं फोन घरात ठेवला आणि खुडायला लागली. दोन पानं, एक कळी. दोन पानं, एक कळी.

तिसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन उतारावर आली, तर खालच्या ओळीत कुणीतरी उभं होतं. टोपी डोक्यावरच होती. उजवा हात झुडपापुढे धरलेला, आणि तो अजिबात हलत नव्हता.

"ओरडू नकोस," तोमोया न वळता म्हणाला. "मनगटावर एकजण बसलाय. कामाला आलाय."

तिनं टोपली खाली ठेवली. "तू... निरोपाला उत्तर का नाही दिलंस?"

"तिकीट काढत होतो. तारीख तूच पाठवलीस ना?"

तुडतुडा उडाला. मग त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली छोटी डबी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"गेल्या वर्षी घरी गेलो आणि बाबांना म्हटलं, एक ओळ माझी. तिच्यावर फवारायचं नाही. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारी हसले. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, आखडली... मी एकट्यानं खुडली, एकट्यानं मळली. पहिला कप बाबांना दिला."

"मग?"

"बराच वेळ कपात बघत बसले. मग विचारलं, पुढच्या वर्षी दुसरी कोणती ओळ सोडायची?"

सू-युनला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

"आणि अजून एक," तो घाईनं म्हणाला, पाठ केलेलं विसरायच्या आत. "आमची मोठी तोडणी मे महिन्यात. तुमची जूनमध्ये. एवढा करार लिहिला आपण, पण हे कधी दिसलंच नाही! मे तिकडे, जून इकडे, दोघांनी मिळून. नंतरच्या तोडण्या बाबा आणि काका यंत्रानं करतील, बोललोय मी त्यांच्याशी. दोन्ही मळे राहतील. म्हणजे... तुझी तयारी असेल तर. दरवर्षी. किती वर्षं ते—"

"मोजायची नसतात," ती म्हणाली आणि त्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली.

आबांनी वर पाणी उकळत ठेवलं होतं. पाहुण्याला आधी चहा. यावेळी पानं पाहुण्याचीच होती. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, कप भरला. दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तोमोयाची बोटं सू-युनच्या बोटांत अडकली होती, ती लपवायचंही राहून गेलं.

आबांनी घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"कच्चा आहे," ते म्हणाले.

तोमोयाची मान खाली गेली.

आबांनी लेकीकडे पाहिलं, त्या अडकलेल्या बोटांकडे पाहिलं आणि कप पुन्हा पुढे केला.

"पण फवारलेलं नाही. होईल हळूहळू. ओत."