उठवू का यांना?

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीची लाइट रात्री गेली, तशी अभ्यासाला बसलेली पोरं कंटाळून गच्चीवर आली. श्यामसुंदरकाका आधीच तिथे खुर्ची टाकून बसले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस; बोलणं मोजकं आणि तिरकं. डोक्यावरून एक विमान लोहगावच्या दिशेने उतरत गेलं. ते बघून पोरांतला आयुष म्हणाला की विमानाची भीती कसली, काही झालंच तर ते लोक आधी सांगतात.

"सांगतात?" काका म्हणाले. "बस खाली."

आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली.

माझ्याबरोबर खात्यात सीताराम होता. अजूनही येतो अधूनमधून. त्याच्या घरात बुद्धमूर्ती आहे, पुस्तकांची कपाटं आहेत, पण भुताखेतांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. अंगारे-धुपारे सांगणाऱ्याला तो चहासुद्धा विचारत नाही. तेव्हा ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकली आहे, एवढं ध्यानात ठेवा. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

त्याची मुलगी मैत्री. विमानात केबिन क्रू होती. कंपनीचं नाव राहू दे. वाघोलीला त्यांचा फ्लॅट आहे, आणि त्याच सोसायटीत भाड्याने राहायची कादंबरी, मैत्रीची वरिष्ठ. मैत्री तिला ताई म्हणायची आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. नोकरीतलं सगळं तिनेच शिकवलेलं. पहिल्या उड्डाणाआधी मैत्रीच्या साडीच्या निऱ्यासुद्धा तिनेच घातल्या होत्या.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. म्हणजे रात्र शनिवारची, घड्याळात रविवार लागून तीन तास झालेले. अमावास्या वगैरे काही नव्हती; भुतांना पंचांग लागत नाही. कादंबरीला पहाटेच्या विमानाने दिल्लीला जायचं होतं, ऐनवेळी कॅबवाल्याने नकार दिला. तिने मैत्रीला फोन केला. मैत्रीने सीतारामची गाडी काढली. बॅग डिकीत टाकली, कादंबरी शेजारी बसली, आणि दोघी वाघोलीहून लोहगावच्या रस्त्याला लागल्या. थंडी चांगलीच होती. काचा बंद, हीटर चालू. कादंबरी खुशीत होती. दिल्लीला तिला बढती मिळाली होती. आता ती नव्या मुलींना शिकवणार होती.

काय शिकवणार? तर विमानात काही बिघडलं की माणसांशी कसं बोलायचं. ते मोठं शास्त्र असतं, पोरांनो. 'आग' म्हणायचं नाही, 'धोका' म्हणायचं नाही. 'तांत्रिक तपासणी' म्हणायचं. आवाज खालच्या पट्टीत, संथ. चहाचा कप देताना हात हलता कामा नये. कारण एक माणूस ओरडला की पाठोपाठ सगळे उठतात, दाराकडे धावतात, आणि अपघाताने मरायचे नसतात तेही चेंगरून मरतात. यात खोटं काही नाही. मैत्रीलाही ते पटलेलं होतं.

आता त्याआधीच्या उन्हाळ्यातलं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पुण्याला येणारं रात्रीचं एक विमान. मैत्री आणि कादंबरी दोघी त्यावर होत्या. पुणं जवळ आलं आणि विमान घिरट्या घालायला लागलं. कादंबरी मागे येऊन मैत्रीला म्हणाली, खाली गर्दी आहे, थांबायला सांगितलंय, तेवढं मराठीत सांगून टाक. मैत्रीने माइक घेतला आणि सांगून टाकलं. काळजीचं कारण नाही, आपण थोड्याच वेळात उतरू. थोड्या वेळाने विमान दुसऱ्या शहराकडे वळलं, तेही तिने तसंच सांगितलं.

शेवटून दुसऱ्या रांगेत मंदाकिनीबाई म्हणून एक आजी होत्या. शेजारी त्यांचे यजमान तोंड उघडं टाकून झोपलेले. आजींनी मैत्रीचा हात धरला. म्हणाल्या, "खरं सांग गं. काही असेल तर यांना उठवते. उठवू का यांना?"

मैत्री त्यांच्याकडे वाकून हसली. मनापासून हसली. म्हणाली, "नका उठवू, आजी. काही नाही."

आजींनी विश्वास ठेवला.

विमानाचं एक चाक नीट उतरलेलं नव्हतं. अगदी शेवटच्या क्षणी पुढून आरोळी आली, डोकं खाली घ्या. तेव्हा त्या बाईंनी डोकं खाली घेतलं नाही. मागे वळून मैत्रीकडे पाहिलं. मैत्री सांगते, त्या नजरेत भीती नव्हती. फसवलंस, एवढंच होतं.

विमान घासत गेलं, धावपट्टीवरून उतरलं, थांबलं. सगळी माणसं वाचली. मंदाकिनीबाई तेवढ्या गेल्या. हृदय बंद पडलं. त्या धक्क्याने यजमानांना जाग आली तेव्हा बाईंची मान त्यांच्या खांद्यावर होती, आणि ते बायकोला हलवून हलवून म्हणत होते, अगं, उठ, पोहोचलो.

मैत्रीने नोकरी सोडली. चौकशीत मात्र तिने एकच सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, की केबिनमध्ये आम्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. कादंबरीताईलाही नव्हतं. आणि हे ती स्वतः मानत होती. त्या आधारावरच तिला थोडीफार झोप लागायची.

आता परत त्या गाडीत या.

बंद पडलेल्या दगडखाणीपाशी रस्ता वळतो, तिथे कादंबरी म्हणाली, "तुला एक सांगू? ट्रेनिंगमध्ये मी तुझंच उदाहरण देणार आहे."

"कसलं?"

"त्या रात्रीच्या अनाउन्समेंटचं. काय आवाज लागला होता तुझा. एकही माणूस जागचा उठला नाही." मग थोडं थांबून, सहज, "कॅप्टनने मला बराच वेळ आधी कळवलं होतं, मैत्री. सगळ्या क्रूला सांग म्हणाला होता. मी बाकीच्यांना सांगितलं. तुला नाही सांगितलं."

मैत्रीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने विचारलं, का?

"तुला खोटं बोलता येत नाही म्हणून. माइक तुझ्या हातात होता. लोक शब्द ऐकत नाहीत, चेहरा बघतात. मला तुझा चेहरा खरा हवा होता."

मैत्रीने वळण घेतलं, गाडी सरळ केली. मग म्हणाली, "आजींनी मला विचारलं होतं, ताई."

"भरलेलं विमान होतं. एकीचं काय घेऊन बसलीस?" कादंबरी म्हणाली. तिने शाल गळ्यापर्यंत ओढली, मान टेकली आणि डोळे मिटले. पोहोचलो की उठव, म्हणाली. आणि तिला झोप लागलीसुद्धा.

मैत्री गाडी चालवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडू येत नव्हतं. तिला त्या निऱ्या आठवत होत्या. ज्या हातांनी घातल्या, ते हात आठवत होते.

तेवढ्यात टिंग झालं.

गाडीच्या पुढच्या पट्टीवर लाल दिवा लागला. हल्लीच्या गाड्यांना मागच्या सीटवरचं वजन कळतं. माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की गाडी सांगते... मागे कुणीतरी बसलंय.

टिंग.

मागे काही नव्हतं. बॅग डिकीत होती. मैत्रीने आतला दिवा लावला. आरशात पाहिलं. सीट रिकामी.

टिंग.

तिने दिवा बंद केला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती. गाडी थांबवायची तिची छाती होईना.

टिंग... टिंग...

मागची सीट कुरकुरली. कुणी वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यावं, तशी.

हीटर चालूच होता. तरी तिची मान गार पडली.

मग तिच्या खांद्यामागून, अगदी हळू, दुसऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून बोलावं तसं...

"उठवू का यांना?"

मैत्रीने आवाज ओळखला.

तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. नका उठवू, आजी. काही नाही. किती उड्डाणं घोटलेलं उत्तर. जीभ हललीसुद्धा.

टिंग...

तिने शेजारी पाहिलं. कादंबरी झोपली होती. शांत. निर्धास्त.

"उठवा, आजी," मैत्री म्हणाली.

...

खट्.

टिंग टिंग बंद झालं. लाल दिवा विझला.

कादंबरी उठली. दचकली नाही, ओरडली नाही. नुसते डोळे उघडले. तिच्या डाव्या खांद्यावरची शाल दबली होती, कुणी हात ठेवल्यासारखी. तिने मागे वळून पाहिलं नाही. समोर बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. शिकवतात ते.

आणि ती बोलायला लागली. खालच्या पट्टीत. संथ.

"काळजीचं कारण नाही. आपण थोड्याच वेळात उतरू. काळजीचं कारण नाही..."

मैत्रीने तिला ताई म्हणून हाक मारली. दोनदा मारली. कादंबरीचं हसू तसंच. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज मात्र जरासुद्धा हलत नव्हता. विमानतळाचे दिवे दिसेपर्यंत ती तेच म्हणत होती. गाडी थांबली तशी दार उघडून उतरली, आणि बॅग न घेता अनवाणी चालत गेली. चपला गाडीतच राहिल्या.

दिल्लीला ती गेली नाही. आता भावाकडे असते. बरी आहे म्हणतात. फक्त कुणी तिला काहीही विचारलं, जेवलीस का विचारलं तरी, ती आधी हसते.

मैत्री पहाटे घरी आली आणि बापाला सगळं सांगून बसली. सीतारामने ऐकून घेतलं. म्हणाला, धक्का बसलाय तुला, झोप. आणि उजाडल्यावर स्वतः खाली पार्किंगमध्ये गेला. गाडीत काही बिघाड असेल तर दुरुस्तीला टाकू, हा त्याचा हिशोब.

त्याने मागचं दार उघडलं.

पट्टा लावलेला होता. त्याचं एवढं काही नाही. लावला असेल कुणी. पण रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा कसा राहतो? मागे ओढला जातो, सीटला चिकटून बसतो. हा चिकटलेला नव्हता. छातीपाशी आणि पोटापाशी, सीटपासून चांगला वीतभर पुढे, गोलाकार उभा होता. मध्ये नुसती हवा.

सीतारामने वाकून त्यावर बोट ठेवलं. दाबून पाहिलं.

पट्टा दबला नाही.