ओट्यावरून निघताना

आधीच सांगून टाकावं, यात अमावस्या नाही आणि मध्यरात्रही नाही. जे झालं ते राजुऱ्यापलीकडच्या एका बंद पडलेल्या कोळसा खाणीत झालं. गेल्या डिसेंबरात, भर दुपारी. ऊन होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

म्हणूनच तर त्याला भास म्हणता येत नाही.

ज्या घरावर हे आलं त्या घराशी माझं रक्ताचं नातं आहे. दिव्यानी माझी मावसबहीण. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. तिनं हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की ती उठून जाते.

खाण बंद झाली की मागे जे उरतं ते पाहून लोक तोंड फिरवतात. दिव्यानीला तिथे वेगळंच दिसलं. कोळशावरची माती उपसून रचलेले उघडेबोडके डोंगर. पावसानं चिरत चिरत त्यांच्यात पडलेल्या घळी, लाल, पिवळ्या, राखाडी थरांच्या. झाड नाही, गवत नाही. खाली खोल खड्डा आणि तळाशी हिरवंनिळं पाणी. एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधून डंपरांनी दाबून पक्का केलेला रुंद रस्ता. चढ बेताचे. वळणं मोठी. वाहन एकही नाही.

"असल्या जागी सायकल चालवायला लोक विमानानं जातात," ती घरी म्हणाली. "आपल्याकडे घरापाठी आहे. लहान पोरं घेऊन अख्ख्या घरानं जावं अशी वाट आहे ती."

"घरापाठी उकिरडाबी आहे," तिचा मोठा भाऊ अजय म्हणाला. "तिथीबी चालव."

पण ती मागे हटणारी नव्हती. त्या वाटेचा प्रत्येक चढ तिनं स्वतः मोजला होता. कुठे दम लागतो, कुठे पाय न मारता चाक आपोआप पळतं, सगळं तिला पाठ होतं. आता फक्त एक कुटुंब नेऊन बघायचं राहिलं होतं.

ते कुटुंब अजयचं. तो, त्याची बायको दीपिका, आणि त्यांची दुसरीतली मुलगी उर्वशी.

रविवारी सकाळी खाणीच्या फाटकावरच्या रखवालदारानं, पोचूनं, साखळी काढून दिली. "वाघ दिसला तं घंटी वाजवजा," तो हसत म्हणाला. "साइड देते तो."

वाट अगदी दिव्यानी म्हणत होती तशीच निघाली. उर्वशी सगळ्यांच्या पुढे. तिच्या लहान चाकांची बारीक रेघ राखाडी धुळीत सरळ उमटत होती. दीपिका नागभीडची, सायकलवर शाळेत गेलेली, तीसुद्धा लग्नानंतर पहिल्यांदा पायडल मारून हसत होती.

दुपारी ते खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर पोचले. तिथे न खणलेला जमिनीचा एक तुकडा उरला होता. खाण येण्याआधी तिथे गाव होतं. गाव उठलं, घरं पाडली गेली. एक मोहाचं झाड राहिलं, आणि त्याच्याखाली एका घराचा ओटा.

ओटा ताजा सारवलेला होता...

बोटांच्या कमानी अजून ओल्या होत्या. शेणाचा वास येत होता.

दिव्यानीनं आजूबाजूला पाहिलं. गाय नाही. खुरांचे ठसे नाहीत. पाणी म्हणाल तर खाली खड्ड्यात, जिथे उतरायला वाटच नाही.

"असन कोनी म्हातारं मानूस," दीपिका म्हणाली. "लाकडं आनाले गेलं असन."

सावली तेवढी एकच होती. ओट्याच्या कडेला बसून त्यांनी पोळी-भाजी खाल्ली. निघताना दीपिकानं पोरीला शिकवलं तेच, जे कोणतीही आई शिकवते.

"कोनाच्या ओट्यावर बसलं का सांगून निघावं, बेटा."

उर्वशीनं रिकाम्या ओट्याकडे पाहून हात जोडले.

"येते हं."

मोहावर मघापासून एक कावळा ओरडत होता. तो थांबला.

वाराही थांबला.

उर्वशी ओट्याकडेच बघत होती. मग ती हसली, मान हलवली आणि सायकलवर बसली.

चढावर ती दिव्यानीच्या बाजूला आली. "आत्या, त्या आजीनं विचारलं... कधी?"

"कोणती आजी?"

"मी म्हनलं, उद्या."

दिव्यानीनं मागे वळून पाहिलं. ओट्यावर कोणी नव्हतं. पण जिथे बसून त्यांनी सारवण मोडलं होतं, तिथे नव्या ओल्या कमानी चमकत होत्या.

संध्याकाळी हे ऐकताना दिव्यानीच्या आईचा, माझ्या वच्छलामावशीचा, कणकेतला हात थांबला.

"येते म्हनली? उठलेल्या गावात?"

"बोलायची पद्धत आहे ती, आई. जाते म्हणणं अशुभ, म्हणून येते म्हणतो आपण."

"मयतीच्या घरून निघताना म्हनतेस का वं कधी? नाई ना? काऊन नाई?"

"तो शब्द आहे फक्त. त्याचा अर्थ जाते असाच होतो."

"आपल्याले मालूम आहे," वच्छलामावशी म्हणाली. "त्याईले कोन सांगन?"

सोमवारी सकाळी उर्वशी उठली नाही.

अंग तापलेलं. हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत उतार नाही पडला तर चंद्रपूरला हलवा म्हणाले. अजय गाडी ठरवायला बाहेर पडला. दीपिका कपाळावर पट्ट्या ठेवत होती.

आणि चादरीखाली पोरीचे पाय हलत होते...

गोल. एकामागून एक. एकसारखे.

"तापात असते असं," दीपिका म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दिव्यानी उशाशी बसून बघत राहिली. बघायची तिला सवयच होती. पाय हळू झाले, श्वास जड झाला, छाती धापा टाकू लागली. मग पाय एकदम थांबले. श्वास मोकळा झाला. कपाळावरची बट मागे उडाली... खिडकी बंद होती. मग पाय पुन्हा फिरू लागले.

चढ.

उतार.

मोठं वळण. उशीवर डोकं डावीकडे कललं.

 हा क्रम दिव्यानीला पाठ होता. फाटकापासूनचा लांब चढ, त्यानंतर पाय न मारता पळणारा उतार, खड्ड्याला वळसा घालणारं डावं वळण... तिनंच मोजलेली वाट.

पोरगी सायकलवर होती. निम्म्याहून जास्त अंतर संपलं होतं.

ती उठली. "आई, मी खाणीत जाते. दादाला सांग." आणि स्कूटीची किल्ली घेऊन पळाली.

पोचू फाटकावर काही विचारणार होता. त्यानं साखळी काढेपर्यंतही तिनं दम धरला नाही. बाजूच्या फटीतून स्कूटी घातली आणि डंपरच्या रस्त्यानं सोडली.

ओटा सारवलेला होता. आजचा. ओला.

कावळा नव्हता, वारा नव्हता. दिव्यानीला स्वतःचा श्वाससुद्धा नीट ऐकू येत नव्हता, कापूस कोंबल्यासारखे कान बंद झाले होते.

शेवटच्या वळणावरून खाली धुळीत एक बारीक रेघ आली होती. लहान चाकाची. कालच्या रेघांपेक्षा वेगळी, ताज्या कडांची.

सायकल घरी कुलपात होती.

दिव्यानी वाकून बघू लागली. रेघ ओट्याच्या अलीकडे संपत होती. नाही... संपत नव्हती.

वाढत होती.

चाक दिसत नव्हतं. धूळ नुसती दबत होती. बोटभर. अजून बोटभर. ओट्याकडे.

ती रेघ आणि ओटा यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. तरी तिनं हात जोडले.

"ती येणार नाही. लहान आहे. आम्ही असंच म्हणतो निघताना, त्याचा अर्थ तसा नसतो. तिला सोडा."

धूळ दबायची थांबली.



मग अगदी जवळून, कानाच्या पाळीला वारा लागावा इतक्या जवळून, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. रागावलेला नव्हता. भाजीवालीला भाव विचारावा तसा साधा.

"मंग कोन येते?"

दिव्यानीचं तोंड उघडलं. ती 'मी' म्हणणार होती की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. आजही नाही.

कारण तेवढ्यात वर, शेवटच्या वळणावर, मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. अजय होता. बहीण अशा जागी एकटी उभी पाहून तो घाबरला होता. दोन्ही हात तोंडाशी धरून तो जीव तोडून ओरडला.

"दिवू! थांब तिथीच! मी येतो!"

दिव्यानी किंचाळली, "नको! दादा, येत नाही म्हण!"

पण कानाशी उत्तर येऊन गेलं होतं.

"बरं."

आणि कावळा ओरडला. वारा सुटला. मोहाची पानं हलली.

अजय धावत खाली आला तेव्हा दिव्यानीचा फोन वाजत होता. दीपिका होती, रडत होती, हसत होती. उर्वशीनं डोळे उघडले होते. ताप उतरला होता. पाणी मागितलं, मग भात मागितला, आता घरच्या आजीशी भांडून राह्यली म्हणे.

"पाह्यलं?" अजयनं डोळे पुसले. "आन तू इथी येऊन कोनाच्या पाया पडून राह्यली? एम.एस्सी. कायले केलं मग?"

"दादा, चल इथून. आत्ता. काही बोलू नको."

"हो वं, चाल ना." तो हसत होता. इतका हलका तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. वर वळणावर आल्यावर त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि तिला हातानं पुढे व्हायची खूण केली. "तू हो पुढं. मी येतो मागून."

ती पुढे झाली. आरशात त्याची गाडी दिसत होती. मागे इंजिनचा आवाज होता. पहिल्या वळणावर होता. उतारावर होता.

फाटकाजवळ आल्यावर तिच्या लक्षात आलं, आवाज आहे... पण जवळ येत नाही.

ती वळून परत गेली.

मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध स्टँडवर उभी होती. इंजिन चालू. अजय नव्हता. धुळीत पायांचे ठसे नव्हते. गाडीच्या बाजूपासून एक रेघ निघाली होती, रुंद चाकाची, मोठ्या माणसाच्या सायकलची, आणि ती सरळ मागे, ओट्याकडे गेली होती.

पोलिसांनी शोधलं, वनखात्यानं शोधलं. पाण्यात गळ टाकले. वाघानं नेलं म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही. मग लोक म्हणू लागले, तेलंगणात कोणी बाई ठेवली असेल. पोचूनं जबाबात सांगितलं की फाटकातून एकच गाडी बाहेर गेली, दिव्यानीची.

दिव्यानीनं खरं काय ते दीपिकाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दीपिकानं त्यानंतर रोज पोरीकडे कोणत्या नजरेनं पाहिलं असतं?

पण दीपिका विचारत राहिली. भाकरी थापताना, पोरीची वेणी घालताना. "मले सांगून नाई गेला तो. तुले तं काही म्हनला असन ना? शेवटी काय म्हनला?"

एक दिवस दिव्यानीच्यानं राहवलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

"म्हणाला, तू हो पुढं. मी येतो मागून."

दीपिकाचा चेहरा उजळला. गावानं तिला काय काय ऐकवलं होतं, ते सगळं त्या क्षणी गळून पडलं.

"येतो म्हनला ना?" तिनं दिव्यानीचे हात धरले. "मंग येईनच तो. तुह्या भावानं शब्द देऊन मोडला का कधी?"

त्या दिवसापासून ती त्याचं ताट झाकून ठेवते. अंगणात सायकलची घंटी वाजली की उठून बघते. आणि झोपायला जाताना दाराची कडी मुद्दाम काढून ठेवते, रात्री-अपरात्री आला तर त्याला बाहेर ताटकळायला नको.

ती झोपली की दिव्यानी उठते, आणि कडी लावते.