चौदा नंबरचा आवाज

"माझी मुलगी नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली. काल ती बोलली. स्पीकरमधून."

बाईंनी एवढं सांगितलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

धाकट्यानं ताईकडं पाहिलं. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. वय अठ्ठावन्न, डोक्यावर टक्कल, दोन नातवंडांचा आजोबा. पण ताईच्या लेखी धाकटा तो धाकटाच, आणि पुढं जगानंही तेच नाव उचललं. ताईनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. निवृत्त झाल्यावर तिनं दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा हा पोट धरून हसला होता. आता तोच तिची पिशवी उचलत मागून हिंडत होता. घ्या!

"सावकाश सांगा," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला पेठेतल्या छोट्या हॉलमध्ये बायकांचा गाण्याचा वर्ग घेत. हातात धरायचा बिनतारी माइक हॉलचाच. तो लावून द्यायचं काम त्यांचे यजमान करत. यजमान बाईंच्याच शाळेत सुतारकाम शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचा लाउडस्पीकर त्यांच्याच हातचा.

"मी माइक बंद करून खाली ठेवला होता. पाणी पीत होते. तेवढ्यात स्पीकरमधून घरघर आली, आणि मग तिचा आवाज. 'चुकलं तर... पुन्हा... लाज कसली?' बस, एवढंच. तुटक तुटक. मागच्या शुक्रवारीही तसंच झालं होतं, पण तेव्हा मला वाटलं, भास झाला."

"इतरांनी ऐकलं?"

"ऐकलं की! कुणी म्हणालं, कुणाचा तरी फोन असेल. पण ताई, आईला लेकीचा आवाज कळत नाही का?"

"आणि मास्तर काय म्हणाले?"

"हे? हे म्हणाले, पुन्हा आला तर नीट ऐक. मग तुमचा पत्ताही ह्यांनीच दिला."

ताईनं मान हलवली. "मुलगी गेली कशी?"

बाईंनी रिकामा पेला खाली ठेवला. मग सांगू लागल्या, शाळेत परिपाठाला उभं राहून बोलावं तशा, सरळ.

"स्नेहसंमेलन होतं. ती माजी विद्यार्थिनी म्हणून गात होती. मधेच शब्द विसरली. हॉल भरलेला. मी मुख्याध्यापिका, माझी मुलगी! मी स्टेजवर गेले, तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि पुढचं कडवं मीच म्हटलं. टाळ्याही पडल्या. ती पडद्यामागून गेली ती गेलीच. कुठं गेली, काय करते, कुण्णाकुण्णाला माहीत नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वेड लागलंय का, तेवढं सांगा. आणि लागलं नसेल, तर ती कुठं आहे ते सांगा. मला फक्त एकदा बघायचंय तिला. दुरून चालेल."

धाकटा उठला. तो चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाला.

शुक्रवारी साडेदहालाच दोघं हॉलवर हजर झाली. हॉल कसला, एक लांबट खोली; पन्नास खुर्च्या, मागच्या गल्लीत उघडणाऱ्या तीन खिडक्या आणि कोपऱ्यात टेबलावर माइकचा रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे दोन एरिअलचा चपटा काळा डबा. माइकमधून निघालेला आवाज हवेतून तो पकडतो आणि स्पीकरला देतो. डब्यावर आवाजाची दोन बटणं होती, 'ए' आणि 'बी', आणि प्रत्येकाखाली चिकटवलेला आकडा. ए खाली सहा, बी खाली चौदा. डब्यावर बोटभर धूळ होती. दोन्ही बटणं मात्र लख्ख.

"ए अर्ध्यावर, बी शून्यावर," ताई पुटपुटली. "लक्षात ठेव."

शेजारी माइकची पेटी होती. आत स्पंजमध्ये दोन खाचा. एकीत माइक, दुसरी रिकामी.

वॉचमन आला तो बाह्या सरसावूनच. "ताई, मी चोर नाही! दुसरा माइक कुठं गेला ते मास्तरांना विचारा. किल्ली त्यांच्याकडं. महिना झाला, ते म्हणाले दुरुस्तीला दिलाय. आणि आवाजाचं म्हणाल, तर मला तो भुताटकीचा प्रकार वाटतो. मी आपला त्या वेळी बाहेरच बसतो."

"बाकीच्या दिवशी येतो आवाज?"

"बाकीच्या दिवशी डबा बंदच असतो की."

साउंडवाल्याचं दुकान समोरच होतं. तो खांद्यावर वायरींचं वेटोळं घेऊनच आला.

"भुताटकी कसली? बी नंबरचा माइक कुठंतरी चालू असणार. हा डबा दोन माइक ऐकतो, सहा आणि चौदा. चौदावर कुणी बोललं आणि बीचं बटण वर असलं, की आवाज आलाच."

"किती लांबून?"

"मधे भिंती असल्या तर शंभर पावलं. फार तर दीडशे."

"तो माइक तुमच्याकडं दुरुस्तीला आलाय?"

"माझ्याकडं? छे! आणि पेठेत दुसरं आहे कोण दुरुस्ती करणारं? हां, मास्तर मध्यंतरी आले होते, पण नुसतं विचारायला. एका माइकला दोन रिसीव्हर चालतात का म्हणून. म्हटलं चालतात, आकडा जुळला की झालं. उलट चालत नाही बरं का! एका आकड्यावर दोन माइक बोलले, की एकमेकांचा गळा धरतात. जो जवळ असेल त्याचाच आवाज येतो, दुसऱ्याचा बंद पडतो."

तो गेल्यावर धाकटा ताईच्या कानाशी लागला. "मला तर ह्याचाच संशय येतो. ह्यानंच कुठलं तरी जुनं रेकॉर्डिंग..."

"तू आधी बस."

मास्तर आले. उंच, वाकलेले, बोटांना सुतारकामाचे जुने वण. आल्या आल्या कामाला लागले. आधी रिसीव्हर चालू केला, मग माइकमध्ये नवे सेल घातले, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबले आणि 'वन, टू, थ्री' म्हटलं. खिशात सेलचं चारचं पाकीट होतं. दोन घातले, दोन परत खिशात गेले.

"माइक एक, सेल चार?" ताईनं सहज विचारलं.

"असू द्यावेत जवळ." मास्तर वर न बघता म्हणाले. बायका जमल्या तसे त्यांनी माइक पुढं केला. "मधे धरा. बुडाशी मूठ आवळू नका. ह्याचं एरिअल बुडाशी असतं, झाकलं की आवाज तुटतो. तोंडापासून चार बोटं."

"किती वेळा सांगाल!" एक बाई हसली.

"एकीला लहानपणापासून सांगत आलो. ती काही ऐकायची नाही," मास्तर म्हणाले आणि डब्यापाशी जरा घुटमळून मागच्या रांगेत जाऊन बसले.

गाणं सुरू झालं. सव्वाअकराला बाईंनी माइक बंद करून खाली ठेवला. हॉल गप्प. सगळ्यांचे कान टवकारलेले.

घर्रर्र. थांबली. पुन्हा घर्रर्र. एक नव्हे, दहा-बारा घरघरी एकदम. आणि मग एकदम शांतता. त्या शांततेत एका बाईचा आवाज आला, कामात गढलेला, स्वच्छ.

"चुकलं तर... सवायचं. पुन्हा... वायचं. लाज कसली? माझं... दहादा..."

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांचे ओठ हलत होते. एवढ्यात मागच्या गल्लीत कुणीतरी गाडी मागं घेतली. मागं घेताना वाजणारी तिची टिंगटिंग खिडकीतून आली, आणि अगदी त्याच क्षणी स्पीकरमधूनही.

ताई उठली, टेबलाशी गेली, डब्यावर वाकून पाहिलं आणि बीचं बटण हळूच शून्यावर आणलं. "आज एवढंच," ती बायकांना म्हणाली. "तुम्ही घरी जा. बाई, मास्तर, तुम्ही थांबा."

दार लागलं. बाई कशाबशा खुर्चीत बसल्या.

"पहिली गोष्ट," ताई म्हणाली, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. दुसरी, हे रेकॉर्डिंग नाही. गल्लीतल्या गाडीची टिंगटिंग आपण दोन्हीकडून एकदम ऐकली. म्हणजे बोलणारी आत्ता, ह्या घटकेला बोलतेय, आणि ह्याच गल्लीला लागून आहे. शंभर पावलांत."

"पण कशावरून तीच?" धाकट्यानं विचारलं.

"आवाज कसा तुटत होता? माइकचं बूड मुठीत धरल्यासारखा. लहानपणापासून सांगून न ऐकणारी कोण, ते मास्तरांनी आपल्यासमोर सांगितलं. आता घरघर. ऐकायला ती बिघाडाची वाटते. पण बिघाड कुणी सांगितलं म्हणून एकदम थांबतो का? दहा-बारा बायका एकदम पाय मारतात आणि शिकवणारी बोलू लागली की एकदम थांबतात. शिवणयंत्रं आहेत ती. चुकलं तर काय करायचं? उसवायचं. पुन्हा शिवायचं. ही शिवणाच्या वर्गाची बाई आहे, आणि यंत्रांच्या गोंगाटात घसा फुटू नये म्हणून तिला माइक लागतो."

धाकट्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. मागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शिवणक्लासची पाटी होती. आल्यापासून तो तीनदा त्याच खिडकीत उभा राहून गल्ली न्याहाळून गेला होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"माइक तिला कुणी दिला?" बाईंचा आवाज बसला होता.

"किल्ली ज्यांच्याकडं आहे, त्यांनी. दुरुस्तीला म्हणून सांगितलेला माइक दुरुस्तीवाल्यानं पाहिलेलाच नाही. सेल चार, दोन ह्या माइकला आणि दोन तिकडच्या. तिच्याजवळ वेगळा रिसीव्हर आणि छोटा स्पीकर असणार. एका माइकला दोन रिसीव्हर चालतात ना, ते त्यासाठीच विचारलं होतं. आणि आज साडेदहाला बीचं बटण शून्यावर होतं, आता अर्ध्यावर सापडलं. मधल्या वेळात डब्याला एकाच माणसानं हात लावला."

बाई सावकाश वळल्या. "अहो... तुम्ही?"

मास्तर मागच्या रांगेतच उभे होते.

"महिनाभर तुम्हाला माहीत होतं? आणि मी इथं..."

"दोन महिने," मास्तर म्हणाले. "बटणांच्या दुकानात भेटली. आधी मला ओळखच देईना. मग रडली. तिनं शपथ घातली मला. आईला सांगायचं नाही."

"का?"

"भिते ती तुला. अजून."

बाईंनी टेबलावरच्या माइककडं पाहिलं.

"शपथ सांगायची नाही अशी होती," ताई मधे पडली. "म्हणून त्यांनी सांगितलं नाही. फक्त बटण वर केलं. तेवढ्यानं तुमची खात्री पटेना, तेव्हा माझा पत्ता दिला. माइक चोरणाऱ्यानंच तपासनीस बोलावल्याची ही माझी पहिलीच वेळ."

"मोडला का हो मी शब्द?" मास्तरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

बाईंनी टेबलावरचा माइक उचलला. "हा चौदावर लावता येईल? मग माझा आवाज तिच्या स्पीकरमधून जाईल ना?"

"येईल," ताई म्हणाली. "तुम्ही खिडकीपाशी गेलात तर जाईलही. पण मग तिचा बंद पडेल."

बाई माइककडं बघत राहिल्या. नऊ वर्षांचं साठलेलं बोलणं त्यांच्या गळ्याशी आलं होतं, ते धाकट्यालासुद्धा दिसत होतं. बोला एकदाचं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

"नको," बाई म्हणाल्या. "पुन्हा नको." त्यांनी माइक पेटीत ठेवला, पदर सावरला आणि दाराकडं निघाल्या.

"दुरून बघणार ना?" मास्तरांनी विचारलं.

"दारात उभी राहीन. तिनं जा म्हटलं, तर येईन परत."

जिना उतरल्याचा आवाज आला. मग गल्लीत त्या एकट्या चालताना दिसल्या. इमारतीपाशी पोचल्या, थबकल्या, आत शिरल्या.

ताईनं बीचं बटण वर केलं. "मास्तर, आता शपथेचा प्रश्न नाही."

यंत्रं चालली होती. मग एक थांबलं. दुसरं थांबलं. एकेक करत सगळी थांबली. कुणीतरी कुजबुजलं. आणि बराच वेळ काहीच नाही. नुसता श्वास, माइकच्या अगदी जवळचा. धाकटा डब्यावर वाकला. म्हणेल का 'जा'? म्हणाली तर ह्या म्हाताऱ्या माणसांनी करायचं काय?

"पायऱ्या चढून आलीस?" स्पीकरमधून आवाज आला. ह्या वेळी तो कुठंच तुटला नाही. "गुडघे दुखतात ना तुझे? आई, उभी नको राहूस. ये, बस इथं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ताईनं रिसीव्हर बंद करायला हात पुढं केला. पुढचं त्या दोघींचं होतं. पण मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

"एक मिनिट, ताई," ते म्हणाले. "'आई' म्हणाली ती. अजून एकदा म्हणू दे. नऊ वर्षं घरात कुणी हाक मारली नाही तशी."